अस्सलबरहुकूम

मुंबईहून पुण्याला जाणारा जुना हमरस्ता पनवेलचा वाढता पसारा मागे टाकून चौक गावाशी येतो, आणि ज्या नाक्यावरून कर्जतची वाट डाव्या अंगाला फुटते तिथून बाजारपेठेत शिरल्यावर थोड्याच अंतरावर, एका किराणा दुकानाच्या ओटीला टेकून, काचेची एक पेटी उभी आहे. पेटी म्हणजे तीन हात लांबीचे, छातीएवढ्या उंचीचे लाकडी खोके. त्याला पुढून काच, मागे एक स्टूल, आणि त्या स्टुलावर पाठीला किंचित पोक आलेले, उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारे गाव काका म्हणते. उत्तरेला माथेरानच्या डोंगराची सोंड, जिच्या टोकाला याच गावावरून चौक पॉइंट हे नाव पडले. तिच्या अलीकडे इरशाळगडाचा नेढे पडलेला सुळका. आणि या दोहोंच्या पायथ्याशी, नेताजी पालकरांचे जन्मगाव म्हणून इतिहासात नोंदले गेलेले हे गाव. अशा ठिकाणी मनगटी घड्याळांच्या नवलाईचा शोध घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की, मला जे सांगावयाचे आहे ते मला याच पेटीपाशी उमगले.

पेटीचा दर्शनी भाग आजच्या तरुण पिढीच्या स्वाधीन आहे. दातेरी चाके उघडी टाकून आपले अंतरंग दाखविणारी घड्याळे, काटे मुळीच नसून त्यांच्या जागी दोन चकत्या एकमेकींवरून फिरताहेत अशी घड्याळे, चौकोनी, षट्कोनी, पिंपासारख्या घाटाची. त्यांच्या जोडीला पोलादी कडी, चामड्याच्या वाद्या विणून केलेली ब्रेसलेटे, लाकडी मण्यांच्या माळा, पाऱ्यासारख्या चकाकणाऱ्या काचांचे गॉगल. मी बसलो असताना कॉलेजात जाणारा एक मुलगा आला. त्याने एक एक घड्याळ मागून घेतले, शर्टाच्या बाहीला लावून पाहिले, हात लांब करून पाहिले, मग मनगट आत वळवून, चहाचा पेला धरल्यासारखे करून पाहिले. अर्धा तास चाललेल्या या परीक्षेत घड्याळ वेळ बरोबर दाखविते की नाही हा प्रश्न त्याने एकदाही केला नाही. पेटीतील कोणत्याही दोन घड्याळांचे एकमत नव्हते, आणि त्याचे त्याला काहीच वाटले नाही. अखेर गर्द निळ्या तबकडीचे, ज्याचा सेकंदकाटा नारिंगी होता असे एक घड्याळ त्याने पसंत केले. ते त्याच्या सावळ्या मनगटाला इतके शोभून दिसत होते की त्याच्या निवडीला मी मनोमन दाद दिली.

तो गेल्यावर काकांनी पेटीच्या खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला व माझ्यासमोर उघडला. आत टिश्यू कागदाच्या पुड्यांत तबकड्या होत्या. त्यांच्या धंद्यात त्यांना 'डायल' म्हणतात. चावी म्हणजे घड्याळाला किल्ली देण्याचे बोंड, मशीन म्हणजे आतील सारी यंत्ररचना, कमान आणि बालकमान म्हणजे तिला चालविणाऱ्या व आवरणाऱ्या दोन स्प्रिंगा. पुड्या एक एक सोडीत त्यांनी त्या तबकड्या कापडावर मांडल्या. एक पारव्याच्या मानेसारखी, जी उजेडात हिरवी आणि सावलीत जांभळी दिसे. एक हळदीच्या रंगाची, काठाला काळी रेघ असलेली. एक मधोमध लाल व भोवती पांढरी, जणू कुंकवाचा करंडाच. आणि एक मोरपिशी, जिच्यावर मिनिटांच्या खुणा ठिपक्यांऐवजी बारीक त्रिकोणांनी केल्या होत्या. मशीन मात्र या सर्वांखाली बसावयाचे ते तेच, पन्नास वर्षांपूर्वीचे, बहुधा एच.एम.टी.चे किंवा जपानी सेइकोचे.

"या मुंबईहून रंगवून येतात," काका म्हणाले. "बाहेरदेशी याला मुंबई स्पेशल म्हणतात म्हणे. तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक होते, आणि ज्या रीतीने ठाऊक झाले ती सुखाची नव्हती.

काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका विक्रेत्याकडून, ज्याचे नाव सांगून काही साधणार नाही, मी स्विस बनावटीचे एक जुने घड्याळ विकत घेतले. तबकडी अंजिरी रंगाची, अंक सोनेरी. साठ वर्षे एखाद्या पेटीत न हाताळता राहिलेली वस्तू असे मला सांगण्यात आले, आणि किंमतही त्याच हिशेबाने घेण्यात आली. पुढे एका जाणत्या संग्राहकाने भिंगाखाली ते धरून मला तीन गोष्टी दाखविल्या. नाममुद्रेच्या अक्षरांच्या कडा शाई ओल्या कागदावर फुटावी तशा फुटल्या होत्या. सहाच्या अंकाखाली जेथे देशाचे नाव बारीक अक्षरांत असावयास हवे तेथे काहीच नव्हते. आणि तासांच्या खुणा काट्यांच्या अक्षाशी अर्ध्या केसाने का होईना पण तिरक्या होत्या. तबकडी पुन्हा रंगविलेली होती. जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' हा शब्द अशा घड्याळांसाठी तुच्छतेने वापरला जातो. आपल्या महानगराचे नाव ठकबाजीचा पर्याय होऊन बसले आहे हे त्या दिवशी मला कळले, आणि घड्याळाच्या दु:खाहून ते दु:ख मला अधिक झाले.

तरीही एक गोष्ट मला त्याच क्षणी टोचली, व पुढे ती टोचतच राहिली. ते घड्याळ सुंदर होते. फसविला गेलो असे कळल्यावरही ते सुंदरच राहिले. मग मला राग कशाचा आला?

हा प्रश्न सोडविण्यासाठी त्या रंगाऱ्यांपर्यंत मागे जावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आणि ज्या मालावर निर्बंध त्या मालाला पाय फुटतात या न्यायाने जकात चुकवून येणाऱ्या मालात सोन्याच्या जोडीने घड्याळेही असत. अशा वेळी सरकारने स्वत:च घड्याळे करावयाचे ठरविले. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कारखान्यात, जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने, १९६१ साली मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन अशी त्यांची नावे. देवनागरी अंकांच्या तबकड्याही त्यांत होत्या. मागणी इतकी आणि पुरवठा इतका थोडा, की घड्याळ मिळणे हेच भाग्य मानले जाई. ते कोणत्या रंगाचे, कोणत्या घाटाचे हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मॅट्रिक झालेल्या मुलाला, मांडवात बसलेल्या जावयाला, सेवानिवृत्त होणाऱ्या कारकुनाला जे घड्याळ मिळे ते बहुधा पांढऱ्या तबकडीचे, काळ्या वा सोनेरी काट्यांचे. एका पिढीच्या सबंध पंगतीने एकच पदार्थ खावा तसे एका पिढीच्या मनगटाने एकच रूप धारण केले. त्या रूपात एक सात्त्विक डौल होता, हे मी आजही म्हणेन.

नंतर वारे फिरले. टाटांनी तामिळनाडू शासनाच्या उद्योग महामंडळाशी भागीदारी करून १९८४ साली टायटनची स्थापना केली. होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झची घड्याळे बाजारात आली आणि घड्याळ हे आभूषण आहे असे दुकानाच्या दर्शनी काचेतून प्रथमच उघडपणे सांगितले गेले. १९९८ मध्ये याच घराण्याने तरुणांसाठी फास्टट्रॅक काढले. २००२ मध्ये सारे घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाडीत बसवून दाखविले. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याला रोज चावी द्यावी लागत नाही, आणि तो महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. लोकांनी ती कपाटांत टाकली, भंगारवाल्याला दिली, दुरुस्तीला टाकून परत नेलीच नाहीत. एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त झाली; तोवर ती घड्याळे घराघरांतून केव्हाच उतरली होती.

टाकून दिलेल्या त्या यंत्रांना मुंबईच्या जुन्या बाजारांतील कारागिरांनी दुसरा जन्म दिला. त्यांचे काम मी जवळून पाहिले आहे. डाग पडलेली, बुरशी खाल्लेली तबकडी प्रथम द्रावणात बुडवून नागवी केली जाते. खालचे पितळ उघडे पडले की त्यावर बारीक भुकटीचा हात फिरवितात, मग रंगाचा फवारा, मग लाखेचा पारदर्शक थर. अक्षरे व खुणा उमटविण्याची रीत फार नाजूक आहे. धातूच्या पट्टीवर खोदलेल्या नमुन्यात शाई भरतात, जास्तीची पुसून घेतात, आणि सिलिकॉनचा एक मऊ, घुमटासारखा गोळा त्या पट्टीवर दाबून, शाई उचलून, हलकेच तबकडीवर टेकवितात. गोळा टेकतो आणि उठतो एवढ्या अवकाशात साठ रेघा उमटलेल्या असतात. हात हलला तर सारे पुसून पुन्हा आरंभ. मी जो कारागीर पाहिला तो प्रत्येक वेळी गोळा टेकविताना श्वास रोखून धरीत असे व उचलल्यावर सोडीत असे. त्याच्या छातीच्या त्या हालचालीवरून, डोळे मिटूनही, किती तबकड्या झाल्या हे मोजता आले असते. त्याला रंग कोण सांगतो असे विचारता तो म्हणाला, "कोणी नाही. जो रंग चार दिवस डोळ्यांसमोर राहतो तो."

जो रंग चार दिवस डोळ्यांसमोर राहतो तो! स्वित्झर्लंडच्या खोऱ्यांतील आखणीकार याहून निराळे काय करतात?

मनगटी घड्याळ जन्मले तेच दागिना म्हणून. जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने १८६८ साली हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी जे घड्याळ घडविले ते सोन्याच्या कंकणात बसविलेले होते, आणि पुढे कित्येक वर्षे पुरुषांनी मनगटावर घड्याळ बांधणे बायकी समजले जाई. त्यांचे घड्याळ खिशात, साखळीला. कार्तिएने १९०४ मध्ये सांतोस-द्युमाँ या विमानविद्येने झपाटलेल्या मित्रासाठी मनगटाचे घड्याळ केले, कारण विमानाचा दांडा सोडून त्याला खिशात हात घालता येईना. आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी पुरुषांचा उरलासुरला संकोच घालविला. त्यातही एक प्रकार तर आपल्या भूमीमुळेच जन्मला. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अंमलदारांच्या घड्याळांच्या काचा चेंडू व काठी लागून फुटत, म्हणून १९३१ साली रेव्हर्सो नावाचे असे घड्याळ निघाले की ज्याची चौकट सरकवून उलटी करता येते. खेळताना पोलादी पाठ वर, खेळ संपला की तबकडी वर. रक्षणासाठी योजलेली ती पाठ पुढे लोकांनी नावे, मुद्रा, चित्रे कोरण्यासाठी वापरली, आणि उपयोगातून सुरू झालेली वस्तू अलंकारात जाऊन मिळाली. अमेरिकेच्या हॅमिल्टनने १९५७ मध्ये विजेवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ काढले तेव्हा त्याचा घाट ढालीसारखा त्रिकोणी केला. लंडनच्या कार्तिएने १९६७ मध्ये वितळून ओघळल्यासारख्या आकाराचे घड्याळ केले. आणि जपानी क्वार्ट्झपुढे स्विस धंदा बुडावयास आला असता १९८३ साली अवघ्या ५१ सुट्या भागांचे, प्लॅस्टिकचे, भडक रंगांचे स्वॉच निघाले आणि त्याने तो धंदा तारला. या सर्वांना इतिहासात मानाचे पान आहे. पितळेच्या जुन्या चकतीवर पारव्याच्या मानेचा रंग चढविणाऱ्या कारागिराला मात्र त्या इतिहासात तळटीपही नाही.

येथे मला खालापूरच्या तालुका कचेरीतील एक प्रसंग आठवतो. वडिलांच्या निधनानंतर वारसाची नोंद करण्यासाठी मी तेथे काही खेपा घातल्या होत्या. जुन्या दप्तरातून एका खरेदीखताची प्रत मला हवी होती. मूळ कागद कचेरीत राहावयाचा, मला मिळावयाची ती नक्कल; कारकुनाने ती उतरून, मूळ कागदाशी ताडून, खाली लिहिले, "अस्सलबरहुकूम नक्कल", आणि शिक्का मारला. त्या दोन शब्दांनी केवढे काम केले! जो कागद त्या शब्दांवाचून बनावट ठरला असता, तो त्या शब्दांमुळे न्यायाधीशासमोर उभा राहण्यास पात्र झाला. आपल्या जुन्या दप्तरदारांनी नक्कल कधी हीन मानली नाही. त्यांनी एवढीच अट घातली की नकलेने आपण नक्कल आहोत हे आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या शिक्क्यात सापडले. मुंबईच्या त्या विक्रेत्याने मला "ही तबकडी नवी रंगविलेली आहे, मशीन जुने आहे" असे सांगितले असते तर मी ते घड्याळ आनंदाने, कदाचित थोड्या कमी किमतीला, घेतले असते, आणि आज अभिमानाने मित्रांना दाखविले असते. कारागिराने रंग लावला त्यात कपट नव्हते; कपट त्या एका वाक्यात होते जे गल्ल्यावर बोलले गेले नाही. ज्यांनी परदेशांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द हेटाळणीने रूढ केला त्यांनी, दोष लपविणाऱ्याचा असूनही, नाव ठेवले रंगविणाऱ्याला. हा अन्याय मला असह्य वाटतो. आणि आपल्याच लोकांनी तो निमूटपणे मान्य करावा, हे तर त्याहून अधिक. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीला आपण कधी बनावट गोधडी केल्याचा दोष दिला आहे काय?

वेळ दाखविण्याचे काम मनगटावरून बहुतांशी निघून गेले आहे. ते खिशातल्या फोनने घेतले. याचे अनेकांना दु:ख होते, मला होत नाही. आपल्या मुलखात वेळ मोजणे आणि वस्तू मिरविणे ही कामे पूर्वीही वेगळीच होती. लग्नघरी घंगाळातल्या पाण्यावर भोक पाडलेली वाटी सोडून, ती भरून बुडाली की घटका भरली असे म्हणत; ती वाटी कोणी अंगावर घातली नाही. पुढे आगगाडी आली तेव्हा तर एकाच प्रदेशात दोन वेळा नांदू लागल्या. रेल्वेची घड्याळे मद्रास वेळेने चालत व मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेने; दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत टिकली. कर्जतच्या फलाटावरून गाडीत बसून बोरीबंदरला उतरणाऱ्या माणसाला मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करावी लागे. ज्याच्यापाशी घड्याळ होते त्यालाही ती चुकली नव्हती. वेळ ही तेव्हाही सर्वांनी मिळून मान्य करावयाची गोष्ट होती. मनगटावरची वस्तू ज्याची त्याची होती, व आहे.

अलंकाराची ही ओढ श्रीमंतांचीच असते हा समज दूर करावयाचा तर महडला जावे. खालापूर तालुक्यातील हे अष्टविनायकांपैकी एक स्थान. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ मध्ये तेथे देऊळ बांधले. माघी चतुर्थीला वरदविनायकाच्या वाटेवर दुतर्फा जी दुकाने लागतात त्यांत नारळ-दूर्वांच्या शेजारीच काळ्या दोऱ्यात ओवलेले मणी, गणपतीचे पदक असलेली ब्रेसलेटे, ऑक्सिडाइज्ड झुमके, आणि पाटीत ढीग करून ठेवलेली घड्याळे असतात. आदिवासी वाड्यांवरून उतरलेल्या ठाकर बायका तेथे मणी निवडताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आयांच्या, आज्यांच्या गळ्यांत पोतींचे पदरावर पदर असत. निळ्या पोतीशेजारी पांढरी, पांढरीशेजारी लाल कोठे यावी याचे त्यांचे नियम आहेत, आणि एखादा रंग चुकीच्या जागी दिसला तर त्या दुकानदाराच्या हातून माळ काढून घेऊन स्वत: उकलून पुन्हा ओवतात. इरशाळगडाच्या कुशीतील ज्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती वाडी ठाकरांचीच. तेथली उरलेली कुटुंबे आता खाली, चौकच्या परिसरात राहावयास आली आहेत, आणि त्यांतील एक म्हातारी बाजारपेठेत काचेचे मणी मापाने घेताना मला दिसली तेव्हा मी थांबलो. तिने बोटांवर मोजून निळे घेतले, मग पांढरे. लाल घेताना तिने दोनदा हात मागे घेतला, आणि शेवटी घेतले. सर्वस्व गेल्यावर माणूस मणी कशाला घेईल, असे ज्यांना वाटेल त्यांना त्या हातातला निश्चय मी शब्दांनी दाखवू शकणार नाही.

काकांच्या पेटीत पट्टे येतात त्यांतले काही वरून, माथेरानहून उतरलेले. तेथे मोटारींना मज्जाव असल्याने पायी हिंडणाऱ्या पर्यटकांसाठी चामड्याच्या चपला, कमरपट्टे, पाकिटे करणारे कारागीर बाजारात पूर्वापार बसतात. उरलेल्या वाद्यांतून घड्याळाचे पट्टे निघतात. त्यांना जाड दोऱ्याची पांढरी शिवण असते आणि नवे असताना ते इतके कडक असतात की मनगटाला वळण लावण्यास आठवडा जातो. कारखान्याच्या पट्ट्यापेक्षा ते दुप्पट टिकतात. मी तसाच एक निवडला.

माझे जे काम होते ते असे. वडील येथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांचे एच.एम.टी. जनता, चावीचे, सतरा ज्वेलचे, माझ्याकडे आले तेव्हा पावसाळ्याच्या दमटीने तबकडीवर चहाच्या डागासारखा डाग पसरला होता व नऊपासून अकरापर्यंतचे अंक ओळखू येत नव्हते. काकांनी मागचे झाकण उघडले. आतले चक्र तेलाअभावी स्वस्थ होते. त्यांनी चिमट्याच्या टोकाने त्याला जरा ढकलले आणि ते पाच-सात झोके घेऊन पुन्हा थांबले. "चालणार," ते म्हणाले. "चांगले मशीन. एका तासात अठरा हजार ठोके मारते हे, सेकंदाला पाच. मास्तरांनी जपले होते."

मग त्यांनी झाकण उलटे करून भिंगासह माझ्या हाती दिले. पोलादाच्या आतल्या बाजूला, सुईने ओरखडल्यासारख्या, अतिशय बारीक खुणा होत्या. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर आपली निशाणी व तारीख तेथे कोरून ठेवतो, हा या धंद्याचा शिरस्ता. घड्याळ पुन्हा कोणाच्या हाती आले तर त्याला आधीचे काम कळावे. मी वाचू लागलो. ३-७४. त्याखाली, निराळ्या हाताने, ११-८१. मग ६-८८, आणि तिच्यापुढे एक इंग्रजी अक्षर. चौदा वर्षांत तीनदा. सन १९७४ मध्ये मी सात वर्षांचा होतो. त्या मार्चमध्ये घड्याळ दुरुस्तीला टाकल्यामुळे वडील परीक्षेच्या दिवसांत शाळेची घंटा सावलीवरून देत होते, ही घरात सांगितली जाणारी गोष्ट मला त्या ओरखड्यापाशी येऊन भेटली. सबंध आयुष्यात वडिलांची मी पाहिलेली ही सर्वांत लहान व सर्वांत प्रामाणिक कागदपत्रे होती.

"डायलचे काय करू?" काकांनी विचारले. "पांढरी जुनीसारखी करून आणतो. कोणाला कळायची नाही. का त्या डब्यातला रंग पाहिजे?"

मी बराच वेळ त्या कापडावरच्या तबकड्यांकडे पाहत राहिलो. वडिलांना पारव्याच्या मानेचा रंग आवडला असता काय? त्यांनी आयुष्यभर पांढरे धोतर नेसले, पांढरी टोपी घातली. पण आमच्या परसात त्यांनी स्वत:च्या हातांनी लावलेली जास्वंद तीन रंगांची होती, आणि शाळेच्या भिंतीवर अंकलिपी लिहिताना ते प्रत्येक अंक निराळ्या खडूने लिहीत. पांढऱ्या खडूने लिहिण्याचा शिरस्ता होता, रंगीत खडू ते पदरच्या पैशाने आणीत. मी मोरपिशी तबकडी उचलली. "ही लावा. पण अंक देवनागरी करून मिळतील का पाहा."

"मिळतील. पंधरा दिवस लागतील."

"आणि झाकणात तारीख घालाल ना?"

"घालतो ना. नेहमीच घालतो."

"तारखेपुढे एवढे लिहा," मी म्हणालो, "डायल नवी."

काकांनी भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत असे लिहावयास कोणी सांगितले नव्हते, असे ते म्हणाले. उलट, लिहू नका म्हणणारेच पुष्कळ भेटले. त्यांनी झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरले, मोकळी जागा कोठे आहे ते पाहिले, आणि ६-८८ च्या खाली नखाने एक रेघ दाखवीत विचारले, "इथे बसेल. मराठीत लिहू की इंग्रजीत?"